युद्धातील घोडा

रथ ओढणे, स्वाराला पाठीवर वाहून नेणे, तोफा, दारूगोळा व रसद ओढणे आणि निरोप पोहोचवणे यांसाठी सैन्यात वापरला गेलेला घोडा. इ. स. पू. सुमारे २००० पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षे, युद्धाचा वेग घोड्याच्या पायांनी ठरवला. या इतिहासाचे वर्णन सामान्यतः घोडदळाच्या धडकेच्या अंगाने केले जाते. परंतु जिथे जिथे तपशीलवार नोंदी राखल्या गेल्या, तिथे शस्त्राच्या घावाने मेलेल्या घोड्यांपेक्षा भूक, तहान, अतिश्रम, थंडी, रोग आणि लांबच्या प्रवासाने मेलेल्या घोड्यांची संख्या पुष्कळच मोठी आढळते. त्यामुळे युद्धातील घोड्याच्या हालअपेष्टांचा विचार रणांगणापेक्षा पागेत, वाटेवर आणि वैरणीच्या कोठारात अधिक करावा लागतो.

घोडा हा मुळात शिकार होणारा, कळपाने राहणारा आणि धोका दिसताच पळणारा प्राणी आहे. रानात दुबळेपणा दाखवणाऱ्या जनावरावर शिकारी प्राणी आधी झडप घालतो, म्हणून तो वेदना शक्यतो लपवतो. कळपातील इतर घोडे धावू लागले की तोही धावतो, आणि ओळखीच्या माणसाच्या इशाऱ्यावर तो गोंगाटात शिरतो. ज्या वागणुकीला कवींनी आणि सेनापतींनी शौर्य म्हटले, तिचा बराचसा भाग या स्वभावातून आलेला आहे, आणि याच स्वभावामुळे ऊर फुटेपर्यंत त्याच्याकडून काम करून घेणे शक्य झाले. त्याची शरीररचना मात्र मोहिमेच्या जीवनाला फारशी अनुकूल नाही. आकारमानाच्या मानाने त्याचे जठर लहान असल्याने त्याला थोडे थोडे पण वारंवार खावे लागते. त्याला ओकता येत नाही, त्यामुळे अयोग्य चारा पोटात गेला तर पोटशूळ जिवावर बेततो. दिवसाला त्याला आठ-दहा किलो वैरण व चंदी (धान्याचा खुराक) आणि पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय घोडदळाचा घोडा स्वार, खोगीर, शस्त्रे व सामान मिळून शंभर किलोंहून अधिक ओझे वाहत असे. खोगीर वेळेवर उतरवले नाही, घाम पुसून खरारा केला नाही, तर पाठ लागते, जखम चिघळते आणि धडधाकट दिसणारा घोडा निकामी होतो.

युद्धात घोडा प्रथम रथाला जुंपला गेला. उरल पर्वताच्या दक्षिणेकडील सिंताश्ता संस्कृतीच्या दफनांत इ. स. पू. २००० च्या सुमाराचे रथ आणि त्यांच्याबरोबर पुरलेले घोडे सापडले आहेत. म्हणजे युद्धाश्वाचा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा हा मालकासोबत कबरीत गेलेल्या घोड्याचा आहे. इ. स. पू. चौदाव्या शतकात मितन्नी या आजच्या सीरियाच्या भागातील देशातल्या किक्कुली या अश्वशिक्षकाची रथाचे घोडे तयार करण्याची पद्धत आजच्या तुर्कस्तानातील हित्ती राज्याच्या राजधानीत मृत्तिकापट्टांवर लिहिली गेली. तीत कोणत्या दिवशी किती दौड, किती चारा, केव्हा पाणी आणि केव्हा अंघोळ हे अनेक महिन्यांच्या क्रमाने सांगितले आहे, आणि फेऱ्यांसाठी ‘ऐक’, ‘तेर’, ‘पंझ’, ‘सत्त’ (एक, तीन, पाच, सात) यांना ‘वर्तन्न’ (फेरी) जोडून बनवलेले, संस्कृतशी नाते सांगणारे शब्द आले आहेत. ताकद हळूहळू वाढवावी, एकदम ताण देऊ नये, हे ज्ञान इतके जुने आहे. पुढच्या काळात ते अनेकदा माहीत असूनही बाजूला ठेवले गेले. इजिप्शियन व हित्ती सैन्यांमधील इ. स. पू. १२७४ च्या कादेशच्या लढाईत रथ ऐन भरात होते. नंतरच्या शतकांत रथ मागे पडला आणि अश्वारोही पुढे आला. इ. स. च्या चौथ्या शतकात चीनमध्ये दिसणारी रिकीब पुढे युरोपपर्यंत पोहोचली आणि स्वाराची बैठक पक्की झाली. भारतीय परंपरेत अश्व हे चतुरंग सेनेचे एक अंग होते, कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगितलेली आहेत आणि शालिहोत्राच्या नावावरून घोड्यांच्या वैद्याला ‘सालोतरी’ हा शब्द मिळाला.

चांगले घोडे सर्वत्र पैदा होत नसल्याने त्यांच्यासाठीही युद्धे झाली. चीनच्या हान सम्राट वू याने मध्य आशियातील फरगाण्याचे घोडे मिळवण्यासाठी इ. स. पू. १०४ ते १०१ या काळात दोन मोहिमा पाठवल्या. चिनी इतिहासलेखनानुसार दुसऱ्या मोहिमेबरोबर सुमारे ३०,००० घोडे निघाले आणि हजाराच्या आसपास परतले. जिंकून आणलेल्या घोड्यांची संख्याही वाटेत संपलेल्या घोड्यांच्या तुलनेत फार थोडी होती. अरबस्तान व इराणमधून दक्षिण भारतात समुद्रमार्गे होणारी घोड्यांची आयात अशीच महागडी होती. वाटेत मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी व्यापाऱ्याने दाखवली तरी विजयनगरच्या राजाने किंमत दिल्याचे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज व्यापारी फर्नाव नुनीझ लिहितो. व्यापाऱ्याने धंदा सोडू नये हा त्यामागील हेतू असावा. परंतु गलबतात घोडे मरणे ही किती नित्याची बाब होती, हेही त्यावरून कळते.

रणांगणावर घोडा हे स्वारापेक्षा मोठे आणि अधिक उघडे लक्ष्य होते. घोडा पाडला की स्वार आपोआप पडतो, हे प्रत्येक पायदळाला ठाऊक होते. त्यासाठी लांब भाल्यांच्या रांगा, जमिनीत रोवलेले अणकुचीदार खुंट आणि कसेही फेकले तरी एक टोक वर राहणारे लोखंडी गोखरू वापरले गेले. गोखरू खुराच्या मऊ तळव्यात घुसले की घोडा कायमचा लंगडा होई. क्रेसी (१३४६) येथील लढाईत इंग्रज धनुर्धाऱ्यांच्या बाणांनी फ्रेंच घोडे घायाळ होऊन उधळले व त्यांनी स्वतःच्याच बाजूची फळी विस्कटली. पाखर घालून घोड्याचे रक्षण करता येई, पण तिचे वजन पुन्हा त्याच्याच पाठीवर पडे. बंदूक व तोफ आल्यावर हे रक्षणही निरुपयोगी ठरत गेले. वॉटर्लू (१८ जून १८१५) येथे लढलेल्या कॅप्टन मर्सर या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याने आपल्या तुकडीच्या २०० घोड्यांपैकी १४० हून अधिक मेले, मरणोन्मुख झाले किंवा जबर जखमी झाले, असे लिहून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी रणभूमीवर जखमी घोडे मरणाची वाट पाहत होते आणि त्यांतले काही, उठता येत नसतानाही, तोंडाजवळचे गवत खात होते. माणसांच्या जखमांसाठी निदान वैद्य शोधले जात. घोड्यासाठी पिस्तुलाची गोळी हाच बहुतेक वेळा एकमेव उपचार होता, आणि तीही सर्वांना मिळाली नाही.

देखभाल हाच युद्धसामर्थ्याचा पाया आहे याची जाण मराठी राज्यात स्पष्ट दिसते. शिवकालीन पागेत बारगीराला सरकारी घोडा मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणी, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) व एक नालबंद असावा अशी व्यवस्था सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास गेलेल्या पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे बजावलेले आहे. गवताच्या गंज्यांजवळ दिवा ठेवू नये, उंदराने पेटती वात नेली तर आग लागून वैरण जाईल, इतक्या बारकाईने ते लिहिले आहे. घोड्याच्या उपासमारीला दैव नव्हे तर माणूस जबाबदार असतो, हे इतक्या रोखठोक शब्दांत सांगणारी लष्करी आज्ञा दुर्मीळ आहे. याच्या उलट अनुभव पानिपतावर आला. १७६० च्या नोव्हेंबरपासून मराठी सैन्याची कोंडी झाली, दाणावैरण तुटली आणि छावणीत घोडे व बैल भुकेने मरू लागले. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडदळ लढाईला उभे राहिले, त्याचे घोडे आधीच भुकेने खंगलेले होते.

नेपोलियनची १८१२ ची रशियावरील मोहीम हे घोड्यांच्या संहाराचे सर्वांत परिचित उदाहरण आहे, पण त्याचे श्रेय केवळ रशियन हिवाळ्याला देणे चुकीचे आहे. २४ जूनला सैन्याने नेमन नदी ओलांडायला सुरुवात केली आणि जून संपायच्या आत विल्नाच्या (आजचे विल्नियस) वाटेवर मुसळधार थंड पावसात हजारो घोडे मेले. चंदी मागे राहिल्याने त्यांना शेतातली हिरवी राय (गव्हासारखे एक धान्य) खायला घातली गेली होती व त्यांना पोटशूळ जडला होता. नेपोलियनचा घोडदळप्रमुख म्युरा याच्या घोडदळाने खोगिरे दिवसेंदिवस न उतरवता पाठलाग चालू ठेवला, तेव्हा सडलेल्या पाठींची दुर्गंधी लांबूनही येत असे. परतीच्या वाटेवर बर्फ आले तेव्हा बहुतेक घोड्यांना बर्फावर पकड घेणारे नाल नव्हते. ते घसरून पडत, पुन्हा उठू शकत नसत आणि उपाशी सैनिक त्यांचे मांस कापून घेत. सम्राटाचा अश्वप्रमुख कोलँकूर याने मात्र आपल्या ताब्यातील घोड्यांना तसे नाल वेळेवर ठोकवून घेतले होते. या मोहिमेत दीड लाखाहून अधिक घोडे गेले. त्यांतील कितीतरी नाल, चंदी आणि विश्रांती यांच्या अभावी गेले, आणि हे तिन्ही आधी ठरवता येण्यासारखे होते.

क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हा येथे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी ब्रिटिश हलक्या घोडदळाने केलेली धडक प्रसिद्ध आहे आणि तीत शेकडो घोडे कामी आले. त्यानंतरचा हिवाळा तितका प्रसिद्ध नाही. बंदरात चारा येत होता, पण तेथून छावणीपर्यंतच्या काही मैलांच्या चिखलातून तो वर नेण्याची सोय नव्हती, आणि उघड्यावर बांधलेले घोडे भुकेने एकमेकांच्या शेपट्या व आयाळी खात खात मेले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) ही गोष्ट प्रचंड प्रमाणावर पुन्हा घडली. ब्रिटिशांनी वापरलेल्या पाच लाखांहून अधिक घोड्यांपैकी सुमारे सव्वातीन लाख घोडे मेले. अर्जेंटिना, अमेरिका, हंगेरी, ऑस्ट्रेलिया येथून आठवडेच्या आठवडे जहाजात उभे राहून आलेल्या जनावरांना हवामानाची सवय होण्याइतकाही वेळ न देता थेट आघाडीवर पाठवले गेले, आणि पशुवैद्यांची संख्या हास्यास्पद वाटावी इतकी कमी होती. तेथील पोर्ट एलिझाबेथ शहरात १९०५ मध्ये उभारलेल्या स्मारकात सैनिक गुडघ्यावर बसून घोड्यापुढे पाण्याची बादली धरतो आहे. त्या युद्धात घोड्याला काय मिळाले नाही, ते शिल्पकाराने नेमके ओळखले होते.

पहिल्या महायुद्धात सर्व बाजूंचे मिळून सुमारे ८० लाख घोडे मेल्याचा अंदाज दिला जातो. यंत्रतोफा आणि काटेरी तारांपुढे पश्चिम आघाडीवर घोडदळाचे काम फारसे उरले नव्हते, परंतु तोफा, दारूगोळा, अन्न व जखमी वाहण्यासाठी घोडे आणि खेचरे अनिवार्य होती. ब्रिटनने फ्रान्सला पाठवलेल्या मालात ओट व गवताचे वजन दारूगोळ्यापेक्षाही थोडे अधिक भरले. ब्रिटिश बाजूच्या सुमारे ४,८४,००० घोडे-खेचरांच्या मृत्यूंपैकी तोफगोळ्यांनी झालेले मृत्यू साधारण एक-चतुर्थांश होते, उरलेले मुख्यतः थकवा, थंडी-पाऊस आणि रोगांमुळे झाले. खरूज पसरू नये म्हणून घोड्यांचे केस भादरले गेले आणि १९१६–१७ च्या कडक हिवाळ्यात तेच उघडे पडलेले घोडे थंडीने मेले. एका रोगाचा बंदोबस्त करताना दुसरे मरण ओढवले गेले. बेल्जियममधील पासखेंडालच्या रणभूमीवरील चिखलात रुतलेल्या घोड्याला बाहेर काढणे अशक्य झाल्यास गोळी घालावी लागे. विषारी वायूपासून बचावासाठी घोड्यांनाही मुखवटे दिले गेले. जर्मन हस्तकांनी अमेरिकेतून युरोपला निघालेल्या घोड्यांना ग्लँडर्स या सांसर्गिक रोगाचे जंतू टोचण्याचे प्रयत्न केले, म्हणजे जैविक शस्त्राचे आधुनिक काळातील एक पहिले लक्ष्य घोडाच होता. दुसऱ्या बाजूला, बोअर युद्धातून धडा घेऊन उभारलेल्या ब्रिटिश पशुवैद्यक दलाने फ्रान्समधील रुग्णालयांत सव्वासात लाखांच्या आसपास जनावरांवर उपचार केले आणि त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश पुन्हा कामावर पाठवली. ही कामगिरी मोठी होती, तरी बरे होणे म्हणजे पुन्हा त्याच चिखलात जाणे होते.

दुसरे महायुद्ध यांत्रिक युद्ध म्हणून ओळखले जाते. तरीही जर्मनीने त्यात सुमारे २७ लाख आणि सोव्हिएत संघाने सुमारे ३५ लाख घोडे वापरले. १९४४ मध्ये क्रिमियातून माघार घेताना, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जर्मन सैन्याने हजारो घोडे स्वतःच मारून टाकले.

युद्ध संपल्यावर घोड्याचे काय झाले, हा या विषयातील सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग आहे. ऑस्ट्रेलियाने पहिल्या महायुद्धात एक लाखाहून अधिक घोडे समुद्रापार पाठवले. रोगराईची भीती आणि वाहतुकीचा खर्च यांमुळे त्यांपैकी फक्त एकच, सँडी नावाचा, मायदेशी परतला. इतर देशांचेही बहुसंख्य घोडे जिथे होते तिथेच विकले गेले, काही शेतावर, काही खाटकाकडे. इजिप्तमध्ये विकलेले घोडे दगडाच्या खाणींत आणि गाड्यांना जुंपले गेले. १९३० मध्ये कैरोत आलेल्या डोरोथी ब्रूक यांना असे घोडे दिसले. वयाने विशीच्या आसपासचे, हाडे निघालेले, काही आंधळे झालेले, पण अंगावर लष्कराचा डाग असल्याने ओळखू येणारे. त्यांनी १९३१ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राला पत्र लिहून मदत मागितली, जमलेल्या पैशांतून पुढील काही वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले आणि १९३४ मध्ये कैरोत कष्टकरी जनावरांसाठी मोफत रुग्णालय सुरू केले. विकत घेतलेल्यांपैकी बहुतेक घोडे इतके झिजलेले होते की त्यांना वाचवणे शक्य नव्हते. काही दिवस पोटभर चारा, स्वच्छ पाणी आणि मऊ अंथरलेला तबेला दिल्यानंतर त्यांना वेदना न होता मरण देण्यात आले.