अटकेचे कारण, लेखी

पत्रकाराला किंवा कार्यकर्त्याला पोलीस घेऊन जातात तेव्हा घरच्यांच्या कानावर बहुतेक वेळा एकच वाक्य पडते : "चौकशीला नेतोय, साहेबांनी बोलावलंय." कसली चौकशी, कोणाच्या फिर्यादीवरून, कोणते कलम, यातले काही सांगितले जात नाही. वकील धावतपळत ठाण्यात पोहोचतो तेव्हा कळते की माणसाला दुसरीकडे हलवले आहे. दुसऱ्या दिवशी कोर्टात रिमांडचा अर्ज वाचला जातो, आणि आपल्याला नेमके कशासाठी धरले हे त्या माणसाला तिथे पहिल्यांदा समजते. अन्याय्य अटकेपासून संरक्षण म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी आधी एका कागदाकडे बोट दाखवीन : तुम्हाला का धरले हे सांगणारा कागद. तो मिळवायला या देशाला सव्वाशे वर्षे लागली. त्या कथेची सुरुवात पुण्यातली आहे.

१८९७ सालचा जुलै महिना. प्लेगचा कहर, रँडचा खून, आणि 'केसरी'तल्या १५ जूनच्या अंकावर सरकारचा डोळा. २७ जुलैच्या रात्री लोकमान्य टिळकांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढचे सगळ्यांना माहीत आहे : न्यायमूर्ती स्ट्रॅची, नऊ जणांची ज्यूरी, सहा युरोपियन एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला, दीड वर्षाची सक्तमजुरी. स्ट्रॅचींनी 'अप्रीती'चा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला आणि सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला. खटला अन्यायाचाच होता, पण तो खटला होता. टिळकांना आरोप ठाऊक होता, वकील होता, आणि आधी नाकारलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी ४ ऑगस्टला मंजूरही केला होता.

त्याच दिवसांत पुण्यातून नातू बंधूंना उचलले गेले. ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपते, म्हणून इथे जरा थांबतो. बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. १८२७ चे मुंबई सरकारचे एक रेग्युलेशन होते, पंचविसावे. सरकारला वाटेल त्या माणसाला खटल्याविना डांबून ठेवण्याची आणि त्याच्या मिळकतीवर टाच आणण्याची सोय त्यात होती. सत्तर वर्षांपूर्वीचा तो कायदा बाहेर काढला गेला. लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, पण नातूंना आरोपपत्र मिळाले नाही, कारण आरोपच नव्हता. ज्याच्यावर आरोप आहे तो निदान त्याचे उत्तर देऊ शकतो. ज्याला कारणच सांगितलेले नाही त्याने कशाचे उत्तर द्यायचे? एकाच शहरातल्या माणसांच्या, एकाच आठवड्यातल्या या दोन अटका शेजारी ठेवल्या की पुढच्या शतकभराचा सगळा वाद समजतो. पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना टिळकांच्या वाटेनेही तुरुंगात धाडले गेले आहे आणि नातूंच्या वाटेनेही, आणि मला दुसरी वाट अधिक भयंकर वाटते.

१९०८ मध्ये टिळकांना पुन्हा अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायासनावर होते दिनशा दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी ज्यांनी बाजू मांडली तेच दावर. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, ती मंडालेत भोगायला लागली. त्याच वर्षी 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपेही तुरुंगात गेले. १९१९ मध्ये रौलट कायदा आला आणि खटल्याविना स्थानबद्धतेची सोय देशभर झाली. 'ना वकील, ना दलील, ना अपील' ही घोषणा त्याच कायद्यामुळे लोकांच्या तोंडी बसली.

हा अनुभव पाठीशी असलेली माणसे घटना लिहायला बसली, तरी हा हक्क सहज आला नाही. जीवित आणि स्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' हे शब्द गळले आणि 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' एवढेच उरले. म्हणजे विधिमंडळाने कायदा करून काहीही कार्यपद्धती ठरवावी, ती चालेल. बाहेर नाराजी होती आणि बाबासाहेब आंबेडकरांनाही ते रुचले नव्हते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी '१५-अ' हा नवा अनुच्छेद मांडला आणि आधी जे गेले त्याची ही भरपाई आहे, असे सभागृहाला सांगितले. तोच आजचा अनुच्छेद २२. अटक केलेल्याला शक्य तितक्या लवकर कारणे सांगा, त्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा.

पण याच अनुच्छेदाच्या पोटात नातूंची कोठडीही शिल्लक राहिली. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढे काही करील या संशयावरून खटल्याविना डांबण्याला, यातले चोवीस तास आणि वकील दोन्ही लागू नाहीत. घटना अमलात येऊन महिना होतो न होतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मंजूर झाला होता.

या फटीतून काय काय आत येऊ शकते ते १९७५ ने दाखवले. आणीबाणी लागल्यावर काही दिवसांतच 'मिसा' या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्यात वटहुकमाने बदल झाला : स्थानबद्धतेची कारणे कळवण्याची गरज नाही. शहा आयोगाच्या आकड्यांनुसार मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसे आत गेली. त्यांत पत्रकार होते, वकील होते, प्राध्यापक होते. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावणाऱ्या दुर्गाबाई भागवतांना १९७६ मध्ये अटक झाली, तीही एशियाटिकच्या ग्रंथालयातून. बंगळूरच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याने तळमळत राहिल्या. सुटका झाली ती जानेवारी १९७७ मध्ये, अगदी शेवटच्या घटकेला, आणि काही दिवसांतच त्या गेल्या.

नऊ उच्च न्यायालयांनी या स्थानबद्धांचे ऐकून घेण्याची तयारी दाखवली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते दार लावून घेतले. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि तो निकाल चुकीचा होता हे २०१७ मध्ये लिहिणारे न्यायमूर्ती त्यांचेच चिरंजीव धनंजय.

आणीबाणी उठल्यावर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीवित-स्वातंत्र्याचा हक्क निलंबनाच्या कक्षेबाहेर ठेवला. १९७९ मध्ये भारत नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. त्या कराराचा नववा अनुच्छेद म्हणतो की अटकेच्या क्षणीच कारण सांगा, आणि बेकायदा अटक झालेल्याला भरपाई द्या. भारताने सामील होताना नेमक्या याच अनुच्छेदावर राखीव भूमिका नोंदवली : आमची प्रतिबंधक स्थानबद्धता चालू राहील, आणि आमच्या कायद्यात भरपाईचा असा हक्क नाही. आणीबाणीतले कैदी तेव्हा मंत्रिमंडळात बसलेले होते, हे लक्षात घेतले की ही नोंद जास्तच बोचते. पुढे न्यायालयांनी आपल्या अधिकारात भरपाई द्यायला सुरुवात केली, तेव्हा या नोंदीचा जोर ओसरला.

यानंतरचा टप्पा एका पत्राचा आहे. जुलै १९८६ मध्ये कोलकात्याच्या 'द टेलिग्राफ'मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी त्या कात्रणांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. पत्राची याचिका झाली, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला. अकरा सूचना. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव-हुद्द्याची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचा मेमो जागेवरच करायचा, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची. नातलगाला कळवायचे. अंगावरच्या जखमांची नोंद करायची आणि दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासून घ्यायचे. प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर या सूचनांचा फलक असायला हवा. बातमीदाराच्या बातमीतून जन्मलेला हा फलक बातमीदाराच्या अटकेच्या वेळी वाचला जावा, एवढी साधी अपेक्षा आहे.

त्याआधी दोन वर्षे जोगिंदर कुमार खटल्यात न्यायालयाने सांगून ठेवले होते की अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि त्या अधिकाराचा वापर योग्य असणे वेगळे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटकेला लगाम घातला. मुंबईत २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदींना राजद्रोहाखाली धरले गेले. त्या प्रकरणातल्या याचिकेवर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम लावण्यापूर्वी विधी अधिकाऱ्याचे लेखी मत घेण्याचे बंधन मान्य करून घेतले. निकाल चांगले होते, पण ते पाळले गेले नाहीत तर अटकच रद्द होईल असे अजून कोणी ठणकावून सांगितले नव्हते.

जगाच्या पातळीवर या काळात इतरांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांना 'मानवाधिकार रक्षक' हा शब्द रूढ झाला. ९ डिसेंबर १९९८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांच्यासंबंधीचा जाहीरनामा स्वीकारला. त्याची वाटाघाट तेरा वर्षे चालली होती.

२०१८ च्या २८ ऑगस्टला जे घडले ते मराठी वाचकाने आवर्जून वाचावे असे आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात पुणे पोलिसांनी दिल्लीत पत्रकार आणि नागरी हक्क कार्यकर्ते गौतम नवलखा यांना अटक केली आणि पुण्याला नेण्यासाठी तिथल्या दंडाधिकाऱ्याकडून ट्रान्झिट रिमांड घेतला. १ ऑक्टोबरला दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. एक कारण असे की फिर्याद आणि सोबतची कागदपत्रे मराठीत होती. ती ना नवलखांना वाचता येत होती ना दंडाधिकाऱ्यांना. मग दंडाधिकाऱ्यांनी काय तपासून सही केली? आपली भाषा एका माणसाच्या अटकेत भिंतीसारखी उभी राहिली, याचे मला आजही वाईट वाटते. त्यांची त्या वेळची सुटका तात्पुरती ठरली; २०२० मध्ये ते पुन्हा आत गेले आणि सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला तो १४ मे २०२४ ला.

याच प्रकरणात आदिवासींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून आणून तळोजा तुरुंगात ठेवले. ऐंशी ओलांडलेला माणूस, पार्किन्सनने हात थरथरणारा, पेला धरता येत नाही म्हणून नळीचा कप मागतो, आणि त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात चालूच होता.

लेखी कारणाचा निकाल ३ ऑक्टोबर २०२३ चा. आर्थिक गैरव्यवहाराच्या एका खटल्यात, पंकज बन्सल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ईडीने (सक्तवसुली संचालनालयाने) अटकेची कारणे लिहून दिलीच पाहिजेत. नुसती तोंडी वाचून दाखवणे पुरेसे नाही. त्याच दिवशी दिल्लीत 'न्यूजक्लिक'चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना यूएपीएखाली, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, अटक झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे, त्यांच्या वकिलाला आधी कळू न देता, पोलीस कोठडी घेतली गेली. १५ मे २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि संदीप मेहता यांनी ती अटक आणि तो रिमांड दोन्ही बेकायदा ठरवले. निकालातला एक भेद कोर्टाच्या बातम्या लिहिणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा : 'तपासासाठी गरज', 'पुरावा नष्ट होऊ नये म्हणून' ही छापील कारणे कोणत्याही आरोपीला लागू पडतात. कागदावर हवा तो त्या माणसाविरुद्धचा नेमका आधार, कारण त्याशिवाय त्याला जामीन मागता येत नाही आणि रिमांडला विरोध करता येत नाही. यूएपीएसारख्या कडक कायद्यातही हे बंधन सुटत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात कारण न सांगितल्यामुळे अटक रद्द झाली. त्या आरोपीला रुग्णालयात बेड्या घालून खाटेला साखळीने बांधले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून पुढचा निकाल आला. सरन्यायाधीश झालेल्या गवईंच्या पीठाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लावला : कारणे लेखी, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी. भाषेची ती भिंत निदान कागदावर तरी पडली.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, देशातला पहिला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. २०११ मध्ये पवईत जे. डे यांचा खून झाल्यापासून पत्रकार संघटना तो मागत होत्या, आणि तो हवाच होता. पण तो कायदा हात उगारणाऱ्या जमावासाठी आहे. पोलिसाने खोट्या गुन्ह्यात अडकवले तर त्यात काही नाही. तालुक्याच्या वार्ताहराची खरी धास्ती वाळूच्या ट्रकची असते तशीच 'चॅप्टर केस'ची, म्हणजे शांतताभंगाच्या संशयावरून होणाऱ्या प्रतिबंधक कारवाईचीही असते. पूर्वीचे कलम १५१, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतले १७०, लावले की चोवीस तास आत. तिथेही अनुच्छेद २२ लागू आहे, हे फार थोडे जण ठाण्यात उभे राहून बोलू शकतात.

आणि मारहाणीचे काय? छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली. तो संमत करण्यासाठी देशात कायदा हवा, म्हणून छळ प्रतिबंधक विधेयक आणले गेले आणि २०१० मध्ये लोकसभेने ते मंजूरही केले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले. समितीने अहवाल दिला. पुढे लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले.