पायाची रक्तवाहिनी बंद झाली, पण कशाने? अथेरोस्क्लेरोसिस आणि बर्जरचा आजार

थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की काही मिनिटांत जातो, आणि पुन्हा तेवढंच अंतर कापलं की परत येतो. पायाच्या रोहिण्यांतून रक्त पुरेसं पोचत नसल्याची ही ठरलेली खूण. पुढे पाऊल गार पडतं, बोटाची जखम भरत नाही, रात्री झोपेत पाय ठणकतो, आणि मग घरात ‘गँगरीन’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. अथेरोस्क्लेरोसिस आणि बर्जरचा आजार हे दोन्ही माणसाला याच जागी आणून सोडतात, म्हणून दोन्हींना सरसकट ‘पायाच्या नसा ब्लॉक झाल्या’ असं म्हटलं जातं. मला हे सरसकट बोलणं धोक्याचं वाटतं. एकात ज्या उपचाराने पाय वाचतो, त्याचा दुसऱ्यात फारसा उपयोग होत नाही. फरक कुठे आहे हे बघायचं तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरापर्यंत जावं लागतं.

या अस्तराला एंडोथेलियम म्हणतात. जाडी जेमतेम एका पेशीची. बराच काळ त्याला नुसता पापुद्रा समजत असत. 1980 साली अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग केले. ॲसिटिलकोलीन हे मज्जातंतूंचं निरोप्या रसायन घातल्यावर काही पट्ट्या सैल पडत, काही उलट आकसत. आकसणाऱ्या पट्ट्यांचं अस्तर तयारी करताना घासून निघून गेलं होतं, एवढाच फरक! म्हणजे ‘सैल हो’ हा निरोप अस्तरच स्नायूंना देत होतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे सिद्ध झालं आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. हाच वायू प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी करणाऱ्या रक्तकणांना, भिंतीला चिकटू देत नाही. निरोगी माणूस चालू लागला की पायातला प्रवाह वाढतो, अस्तराला ते कळतं, रोहिणी रुंदावते. अस्तर बिघडलं की हे रुंदावणं कमी पडतं, आणि मग मध्यम अडथळ्यातही पोटरी उपाशी राहते.

आता अथेरोस्क्लेरोसिस. नळात गंज धरतो तशी रक्तवाहिनीत चरबी धरते, हे उदाहरण आपण इतकं ऐकलंय की तेच खरं वाटतं. पण चरबी अस्तरावर बसत नाही, अस्तराच्या खाली शिरते. मधुमेह, तंबाखू, रक्तदाब आणि वाढलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, यांनी अस्तर आजारी पडतं. रोहिणीला फाटे फुटतात तिथे प्रवाह विस्कळीत असतो, म्हणून सुरुवात बहुधा तिथेच होते. एलडीएलचे कण आत जातात, त्यांच्यामागे पांढऱ्या पेशी जातात, चरबी खाऊन तिथेच फुगून बसतात. वर्षानुवर्षं हे चालतं, म्हणून हा आजार बहुतेक पन्नाशीनंतर डोकं वर काढतो. तो गाठतो मोठ्या आणि मध्यम रोहिण्यांना: ओटीपोटातल्या, मांडीतल्या, गुडघ्यामागच्या. मधुमेह असेल तर गुडघ्याखालच्याही. आणि पायात आहे तो बहुतेक वेळा हृदयात आणि मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांतही असतो. पोटरी दुखते म्हणून आलेल्या माणसाला हार्ट अटॅकचा धोका जास्त असतो, ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगितलीच पाहिजे.

बर्जरचं सगळं वेगळं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्जर यांनी कापाव्या लागलेल्या पायांतल्या रक्तवाहिन्या तपासून 1908 साली त्याचं वर्णन केलं. इथे अस्तराखाली चरबीचा थर नसतो. दाह होतो आणि पोकळीतच पेशींनी गच्च भरलेली गुठळी बसते. भिंतीची रचना, विशेषतः आतला लवचीक पडदा, बराचसा शाबूत राहतो. लहान आणि मध्यम रोहिण्या बंद होतात, शेजारच्या शिराही सुटत नाहीत. रुग्ण बहुधा पंचेचाळिशीच्या आतला पुरुष, आणि तंबाखू जवळपास हमखास. न दुखणाऱ्या हातापायांतही अस्तराचा रोहिणी सैल करण्याचा प्रतिसाद कमी झालेला आढळला आहे. म्हणजे आजार एका बोटात दिसला, तरी बिघाड तेवढ्यापुरता नसतो. सिन्नर, संगमनेर, सोलापूर इथल्या कितीतरी बायकांनी बिडी वळून संसार उभे केले, त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण तीच बिडी ओढणाऱ्या तिशीतल्या मुलाचं पाऊल काळंनिळं पडलं, तर डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा बर्जर येतो.

ओळखायचं कसं? बर्जरमध्ये वेदना अनेकदा पोटरीऐवजी तळपायाच्या कमानीत सुरू होते. त्वचेखालच्या शिरा लाल, दुखऱ्या दोरीसारख्या होतात, आज इथे तर महिन्याने तिथे. आणि हातही बघतात, कारण बर्जर हाताच्या रोहिण्यांतही असू शकतो. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला सांगून डॉक्टर मनगटाच्या दोन्ही रोहिण्या दाबतात. मूठ उघडल्यावर तळवा पांढरा दिसतो. मग करंगळीच्या बाजूची रोहिणी सोडतात. रंग काही सेकंदांत परतायला हवा. तक्रार पायाची आणि तळवा मात्र पांढराच, असं एखाद्या तरुणात दिसलं की संशय बळावतो.

घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, ती एबीआय तपासणी दोन्हींत करतात. 0.90 किंवा त्याखाली आकडा आला की अडथळा आहे असं समजतात. मधुमेहात रोहिण्या कडक होऊन आकडा 1.40 च्याही वर जाऊ शकतो, तो चांगला समजू नये. अँजिओग्राफीत बर्जरच्या रुग्णाच्या वरच्या रोहिण्या गुळगुळीत दिसतात, खाली मात्र अचानक बंद, आणि भोवती पिळाच्या स्क्रूसारख्या नागमोडी वाटा.

उपचारांची वाट इथे फुटते. अथेरोस्क्लेरोसिसमध्ये कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, गुठळी रोखणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, साखर आणि रक्तदाबावर ताबा, आणि दुखेपर्यंत चालून थांबून पुन्हा चालण्याचा नियमित व्यायाम. त्याने अस्तरही सुधारतं. गरज पडली तर फुगा, स्टेंट, बायपास. बर्जरमध्ये बायपास जोडायला खाली चांगली रोहिणीच बऱ्याचदा उरत नाही. इलोप्रोस्टसारखी औषधं वेदना आणि जखमांसाठी देतात, पण आजार थांबवणारी गोष्ट एकच: तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन बिड्याही तो जागा ठेवतात. गार पावलाला शेक मात्र दोन्हींत देऊ नये. बधिर कातडी भाजते आणि ती जखम भरत नाही.

तंबाखू सोडण्यातही फरक आहे. अथेरोस्क्लेरोसिसच्या रुग्णाला डॉक्टर निकोटिनचा गम किंवा पट्टी देऊ शकतात. बर्जरमध्ये निकोटिनसुद्धा टाळायला सांगतात, आणि बुप्रोपिऑनसारख्या निकोटिन नसलेल्या गोळ्यांचा विचार होतो. म्हणून दुकानातून स्वतःच गम आणण्याआधी विचारा. मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांतलं जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सगळं सांगा. सोडायला मदत हवी असेल तर पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा नंबर त्यासाठीच आहे.