लाकडी पिंपातलं विरजण

आमच्या रामबागेतल्या घरी आजीची एक लाकडी रवी होती. ती तिने कधी साबणाला लागू दिली नाही, नुसतं कढत पाणी ओतायचं आणि सावलीत उभी करून वाळवायची. आई लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा तिने एकदा ती पावडरने खसाखसा घासली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता म्हणे. आजीचं म्हणणं एकच, ताकाची चव रवीत असते. पुढे मी मायक्रोबायॉलॉजी शिकायला लागले, बेल्जियम आणि नॉर्वेच्या शेतकऱ्यांच्या बिअरबद्दल वाचलं, आणि लक्षात आलं की आजी अगदी बरोबर होती.

शेतघरातली बिअर म्हणजे काय ते आधी सांगते. बेल्जियमच्या दक्षिण भागात, वालोनियात, थंडीत शेतात फारसं काम नसायचं तेव्हा शेतकरी घरच्याच धान्याची बिअर करून ठेवायचे आणि ती उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना द्यायचे. तिचं नाव सेझाँ, म्हणजे हंगाम. जव स्वतःच्या शेतातला, सोबत गहू, ओट किंवा जे पिकलं असेल ते. फ्रिज नव्हता, स्टीलची टाकी नव्हती, त्यामुळे महिनोन्‌महिने टिकवायची तर लाकडी पिंपातच.

आता धान्यापासून बिअर होते कशी, तर मोड आणून. कुरडयांसाठी आपण गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, तरी आंबूस वास येतोच, ते लॅक्टिक बॅक्टेरियाचं काम. पण कुरडईत आपल्याला चीक हवा असतो, म्हणजे स्टार्च जसाच्या तसा. बिअरवाल्याला तोच स्टार्च फोडून साखर हवी असते. म्हणून तो जव भिजवून मोड येऊ देतो, रोपाला खायला लागणार म्हणून दाणा आत अमायलेज नावाची एन्झाइम तयार करतो, आणि नेमक्या त्या वेळी दाणे वाळवून मोड थांबवायचे. हा झाला माल्ट. तो भरडून साधारण ६२ ते ६८ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवला की एन्झाइम पुन्हा कामाला लागतात आणि पाणी चक्क गोड होतं. मोड आलेले गहू चावून बघा, गोडसर लागतात ते ह्याच कारणाने. हे गोड पाणी हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, घालून उकळायचं, गार करायचं आणि साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्टच्या ताब्यात द्यायचं.

इथून पुढे लाकूड येतं, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते ह्याच्याबद्दल. पिंपं बहुतेक ओकची. आपल्या उत्तराखंडातला बांज म्हणजे ओकचाच भाऊबंद. व्हाइट ओकच्या लाकडात पाणी वाहणाऱ्या नळ्या झाडानेच आतून फुग्यांसारख्या पेशींनी बुजवलेल्या असतात, त्यामुळे पिंप गळत नाही, पण फळ्यांमधून आणि सांध्यांमधून अगदी थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपत राहतो. फळ्या वाकवताना आणि नंतर आतून आग देऊन शेकतात, तेव्हा लाकडाला घट्टपणा देणारं लिग्निन तुटून व्हॅनिलिन बनतं, म्हणजे आपल्या व्हॅनिला आइस्क्रीमचाच वास. लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतं, आणि ओल्या नारळासारखा वास देणारे लॅक्टोन असतात.

पण हे फ्लेवर दोन-चारदा पिंप भरलं की बरेचसे निघून जातात. तरीही हे लोक जुनी पिंपं टाकत नाहीत, उलट जपतात, कारण एव्हाना पिंपात यीस्ट आणि बॅक्टेरियाची वस्ती झालेली असते. १९०४ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गमधल्या क्लाउसेन ह्या शास्त्रज्ञाने इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये एक वेगळं यीस्ट ओळखलं आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस नाव दिलं, म्हणजे ब्रिटिश बुरशी, थोडक्यात ब्रेट. नेहमीचं यीस्ट आठवडाभरात सोपी साखर खाऊन गप्प बसतं. हे मात्र सावकाश, मागे उरलेल्या लांब साखळ्यांच्या साखरा खात बसतं, महिनोन्‌महिने. त्याच्या काही जाती तर सेलोबायोज, म्हणजे सेल्युलोजच्या तुकड्यातली साखरसुद्धा पचवतात, आणि ती शेकलेल्या लाकडातून मिळू शकते, म्हणजे घर तेच आणि शिधाही तिथलाच! वाइनच्या पिंपांच्या फळ्या कापून बघितल्या तेव्हा हे यीस्ट ८ मिलिमीटर आतपर्यंत सापडलंय. वरवर घासून ते कसं जाणार.

सोबतीला पेडियोकॉकस नावाचा बॅक्टेरिया असतो. तो आंबटपणा आणतो, आणि मधे एकदा बिअरला चक्क तार सुटते, बिघडलेल्या दह्याला सुटते तशी. नवखा माणूस ती ओतून देईल, जाणता थांबतो, कारण काही महिन्यांत ब्रेट ती तार खाऊन टाकतं आणि बिअर परत पातळ होते. वर साय धरते तीसुद्धा हलवायची नाही. ऑक्सिजन जास्त गेला तर मात्र असेटिक बॅक्टेरिया जोर धरतात आणि सगळ्याचं व्हिनेगर.

ब्रुसेल्सच्या आसपासची लांबिक नावाची बिअर तर विकतचं यीस्ट न घालताच होते. त्यात ३० ते ४० टक्के कच्चा गहू असतो. उकळलेलं गोड पाणी थंडीच्या दिवसांत रात्रभर मोठ्या उथळ परातीत उघडं ठेवतात आणि मग पिंपात भरतात, तिथे ते एक ते तीन वर्षं मुरतं. विरजण हवेतून येतं असं सगळे सांगायचे, पण २०१९ मध्ये बेल्जियमच्याच संशोधकांनी दाखवलं की ते पिंपाच्या आतल्या पृष्ठभागावरूनही येतं. मी तो पेपर वाचला तेव्हा आधी आईला फोन केला, रवीची गोष्ट सांगायला. नॉर्वेचे शेतकरी तर आणखी पुढचे, त्यांच्याकडे लाकडाच्या तुकड्यांची कडी असायची, ती यीस्टमध्ये बुडवून टांगून वाळवायची आणि पुढच्या वेळी गोड पाण्यात सोडायची, बिअर सुरू.

मालव्यात असं काही होईल का हा विचार मी खूप केलाय, कागदावरच, कारण घरी बिअर करायला आपल्याकडे एक्साइजची परवानगी नाही. गव्हाची चिंता नाही, तो आपल्याकडे भरपूर. हॉप्सची अडचण आहे, त्या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, ती बहुतेक ३५ ते ५५ अक्षांशांमध्येच लावतात, आणि इंदूरचा सगळ्यात मोठा दिवस साधारण साडेतेरा तासांचा. दुसरी अडचण मे महिना. चाळीसच्या वर पारा गेल्यावर ओकच्या पिंपात वर्षभर काही मुरवायचं म्हणजे गार तळघरच हवं. पण नॉर्वेच्या त्या कडीवरचं यीस्ट, क्वेइक, ३० ते ४० डिग्रीलाही मस्त काम करतं, इतकं की तिकडच्या गारठ्यात पिंपाला पांघरूण घालून ऊब द्यावी लागते. इंदूरात एप्रिलमध्ये ओट्यावर नुसतं ठेवलं तरी त्याला तेवढी ऊब मिळेल.