इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडात नसतो

"लाकूड कुठलं वापरलंय?" गिटार विकायला काढली की पहिला प्रश्न हाच येतो. महोगनी म्हटलं की समोरच्याची मान डोलते, साग म्हटलं की तो जरा थबकतो, आणि आंब्याचं नाव घेतलं की भाव पाडायला सुरुवात होते. मी कोल्हापुरात नोकरी सांभाळून हौसेनं इलेक्ट्रिक गिटार बनवतो. कॉलेजच्या बँडमधली पोरं, ऑर्केस्ट्रातले वादक, चर्चमध्ये वाजवणारे असे लोक त्या घेऊन जातात. त्यातल्या फार थोड्यांनी आजवर पिकअपमध्ये, म्हणजे तारांखाली बसवलेल्या कॉइल आणि चुंबकाच्या भागात, किती फेरे आहेत, चुंबक कुठलं आहे, हे विचारलं असेल. आवाजाचा बहुतेक सगळा कारभार मात्र तिथेच चालतो, म्हणून हा लेख.

लाकडाचा प्रश्न मिरजेत विचारला तर तो अगदी योग्य आहे. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेतल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर लाकूड आणि भोपळा पारखण्यात आयुष्य घालवतात, आणि त्याला भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे. तार बारीक असते. ती थरथरली तरी हवेला फारशी ढकलू शकत नाही, हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. म्हणून तारेचा कंप तिला टेकू देणाऱ्या घोडीवाटे तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला, द्यायचा आणि तबलीनं आपल्या रुंद अंगानं हवा हलवायची, अशी ती योजना आहे. तबलीचं लाकूड किती हलकं, किती ताठ, कुठल्या स्वराला जास्त साथ देतं, यावर सतारीचा आवाज ठरतो. तिथे लाकूड हेच लाउडस्पीकर आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या भरीव बॉडीचं काम नेमकं उलटं. तिनं तारेकडून ऊर्जा घ्यायची नसते, तारेतच राहू द्यायची असते. अॅम्प (अॅम्प्लिफायर) बंद करून वाजवा, शेजारच्या खोलीत काही ऐकू जाणार नाही. अमेरिकेत १९३२ मध्ये बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार, जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. तिची बॉडी आणि मान चक्क ओतीव अॅल्युमिनियमची होती. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीतल्या कुठल्याही फाउंड्रीनं सहज ओतून द्यावी अशी. पुढे लाकूड आलं ते बरंचसं सोयीसाठी. ते कापायला सोपं, हाताला उबदार, आणि स्टेजवरच्या दिव्यांनी तापून धातूसारखं पसरत नाही, त्यामुळे सूर ढळत नाही.

लाकडाचा काहीच परिणाम होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मान ज्या फ्रीक्वेन्सीला स्वतः डोलते, त्याच्या जवळचा स्वर वाजवला की मान तारेची ऊर्जा ओढून घेते आणि तो स्वर लवकर विझतो. याला डेड स्पॉट म्हणतात. जर्मनीतल्या हेल्मुट फ्लायशर यांनी त्यावर मोजमापं घेऊन काम केलेलं आहे. म्हणजे मानेचं लाकूड स्वराच्या लांबीत फरक पाडतं. याशिवाय ते नीट वाळलेलं असणं फार गरजेचं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कच्चं लाकूड फुगतं, मान वाकते, तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरतात. तेव्हा लाकूड जरूर पारखून घ्या, पण ते सरळ राहावं म्हणून.

आता पिकअपकडे येतो.

शाळेत आपण फॅरडेचा प्रयोग शिकलो. कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर केलं की गॅल्व्हनोमीटरचा काटा हलतो. फॅरडेनं हे १८३१ मध्ये दाखवलं. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकही स्थिर आणि कॉइलही स्थिर. हलते ती फक्त तार. मग वीज कशी निर्माण होते? तार पोलादाची असते. खालच्या चुंबकाच्या क्षेत्रात आल्यामुळे तारेचा तेवढा तुकडा स्वतःच चुंबक बनतो. ही चुंबक झालेली तार वरखाली थरथरली की कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह कमीजास्त होतो आणि कॉइलच्या टोकांना व्होल्टेज येतं. कुठे मायक्रोफोन नाही, हवेशी संबंध नाही. पिकअपवर तोंड नेऊन ओरडलात तरी अॅम्पमधून जवळजवळ काही येणार नाही. याच गिटारवर सतारीची पितळी तार चढवली, तर ती डोळ्यांना थरथरताना दिसेल आणि अॅम्प गप्प राहील, कारण पितळ चुंबकाला दाद देत नाही. लाकूड तर त्याहून नाही.

व्होल्टेज चुंबकीय प्रवाहावर नव्हे, तर तो किती वेगानं बदलतो त्यावर अवलंबून असतं, आणि कॉइलच्या फेऱ्यांच्या संख्येवर. एका फेऱ्यात निर्माण होणारं व्होल्टेज नगण्य. म्हणून फेरे हजारोंनी लागतात. नेहमीच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये सुमारे ८,००० फेरे असतात. इतकं करून हाती येतात शंभर-दोनशे मिलिव्होल्ट.

हे ८,००० फेरे बोटभर रुंदीच्या बॉबिनवर मावायचे, तर कॉइलची तार केसाइतकी बारीक हवी, जाडी सुमारे ०.०६३ मिलिमीटर. परदेशी माहितीत तिला ४२ नंबर म्हणतात. पण तो अमेरिकन गेज झाला. आपल्याकडे मोटार रिवायंडिंगवाले ब्रिटिश गेज वापरतात आणि त्यांची ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची. ती आणली तर त्याच बॉबिनवर तीन हजार फेरे जेमतेम बसतील. दुकानात मागायची ती ४६ नंबरची. उद्यमनगरात ती पहिल्यांदा मागितली तेव्हा दुकानदार रीळ उजेडाकडे धरून म्हणाले, "आमच्या पंपाच्या मोटारीला ही लावली तर क्षणात उडंल की!" बरोबरच आहे. पंपाच्या तारेतून अँपिअर वाहतात, इथे मायक्रोअँपिअरसुद्धा नीट नाहीत.

शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन बसवायची, रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच) आणि छोट्या चुंबकाचा, फेरे मोजणारा काउंटर लावायचा आणि तार दोन बोटांत धरून सोडत राहायची. ताण जास्त झाला की ती तुटते, आणि तुटल्याचा आवाजही येत नाही, नुसती बोटांमधली ओढ नाहीशी होते. ताण कमी ठेवला तर कॉइल सैल होते आणि अॅम्प मोठा केल्यावर फेरे स्वतःच थरथरून शिट्टी घालतात. त्यावर उपाय म्हणून तयार कॉइल वितळलेल्या मेणात बुडवतात. शेवटी मल्टिमीटर लावायचा. सहा किलोओहमच्या आसपास आकडा आला की समजायचं, एक किलोमीटरहून जास्त तार कुठेही न तुटता आत बसली.

दुकानातही लोक हेच किलोओहम विचारतात, जास्त तितकं चांगलं असं समजून. पण रोध हा तारेच्या लांबीचा हिशोब झाला. कानाला जे कळतं ते इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स यांच्या जोडीतून येतं, आणि गिटारमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

कॉइलला इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, असतो, सिंगल कॉइलला साधारण २.४ हेन्री. गिटारपासून अॅम्पपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये आतली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, असतो, मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड. पाच मीटर केबलचे ५०० आणि कॉइलच्या स्वतःच्या फेऱ्यांमधले शंभरेक, मिळून ६०० धरू. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला रेझोनन्स होतो. जुन्या रेडिओची खुंटी फिरवून स्टेशन लावताना हेच होत असे. सूत्र असं: दोहोंचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा, त्याला दोन पायनं गुणा आणि एकाला त्या उत्तरानं भागा. इथे उत्तर येतं सुमारे ४,२०० हर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीच्या आसपासचे सूर पिकअप उचलून धरतो आणि त्याच्या वरचे झपाट्यानं गाळतो. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तिखट असतो, आणि हा उंचवटा नेमका तिथे येऊन बसतो.

आता पाचऐवजी दहा मीटरची केबल लावा. कपॅसिटन्स ११०० पिकोफॅरड होतो आणि उंचवटा ३,१०० हर्ट्झवर घसरतो. गिटार तीच, लाकूड तेच, वादक तोच, आणि आवाज उघड मंद झालेला. हे कुणीही दोन केबल घेऊन पाचच मिनिटांत ऐकू शकतो. टोनची खुंटीही याच जागी काम करते. ती पूर्ण खाली आणली की २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर मध्ये येतो आणि उंचवटा थेट ७०० हर्ट्झच्या आसपास जातो. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे खुंटीखालचा कमीजास्त होणारा रोध, २५० किलोओहमचा घेतला तर उंचवटा बसका होतो, ५०० चा घेतला तर टोकदार.

फेरे वाढवण्याची खोडही यातून उलगडते. फेरे दहा टक्के वाढवले तर व्होल्टेज दहा टक्के वाढतं, पण इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गात वाढतो, म्हणजे २१ टक्के. आवाज मोठा होतो आणि त्याबरोबर उंचवटा खाली येऊन जाडही होतो. दोन्ही गोष्टी एकत्र येतात, वेगळ्या मागता येत नाहीत. मी प्रत्येक पिकअपचा इंडक्टन्स एलसीआर मीटरवर मोजून वहीत लिहितो. दोन गिटारींचे आवाज सारखे का आले किंवा का आले नाहीत, हे त्या आकड्यांवरून समजतं.

हे सगळं मोजता येत असताना बाजारात काय काय विकलं जातं, ते पाहून वाईट वाटतं. चंद्राच्या कलेनुसार तोडलेलं लाकूड, सोन्याचा मुलामा दिलेले जॅक, "तारेची दिशा" दाखवणारा बाण छापलेली केबल. अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही ही आपल्याकडची समजूत आणि हा माल यांत फरक फक्त किमतीचा आहे. केबल विकणाऱ्यानं मीटरमागे किती पिकोफॅरड एवढा एक आकडा छापावा. तो बहुतेक पाकिटांवर नसतो, आणि आवाजाचं काही सांगणारा आकडा तोच आहे.

पिकअप कुठे बसवला यालाही मोठं महत्त्व आहे. माझ्या गिटारींची तार घोडीपासून नटपर्यंत, म्हणजे मानेच्या टोकाच्या टेकूपर्यंत, ६४८ मिलिमीटर असते. घोडीपासून बरोबर पाव अंतरावर, म्हणजे १६२ मिलिमीटरवर पिकअप बसवला, तर मोकळ्या तारेचा चौथा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या चौपट फ्रीक्वेन्सीचा उपस्वर, त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या बिंदूवर त्या कंपाची गाठ असते, तार तिथे हलतच नाही. मानेजवळचा पिकअप गोल वाजतो आणि घोडीजवळचा तीक्ष्ण, यामागे हार्मोनिकचं हे वाटप आहे.

राहिली गुणगुण. कॉइल तारेचं ऐकते तशी घरच्या वायरिंगचंही ऐकते, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर. गणपतीच्या मंडपात दिव्यांच्या डिमरशेजारी सिंगल कॉइलची गिटार उभी केली की ती सतत घरघरते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर जो उपाय केला तो फार देखणा आहे. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, दुसरीचं चुंबक उलटं आणि फेरेही उलटे. तारेच्या सिग्नलची दिशा दोनदा उलटते म्हणून तो पहिल्यात मिळवला जातो. बाहेरून आलेली गुणगुण चुंबकाला ओळखत नाही, ती एकदाच उलटते आणि पहिलीतून वजा होते. हाच हमबकर. दोन कॉइल एकामागे एक जोडल्यानं इंडक्टन्स दुपटीच्या घरात जातो, उंचवटा ३,००० हर्ट्झच्या जवळ येतो आणि आवाज भरदार होतो. मंडपात वाजवणाऱ्याला मी हाच देतो.

ज्यांना सिंगल कॉइलचा खणखणीत आवाजच हवा, त्यांच्या तीन पिकअपच्या गिटारीत मधली कॉइल उलटी गुंडाळतो आणि तिचं चुंबकही उलटं बसवतो. पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच दोन किंवा चार नंबरवर असला की दोन कॉइल एकत्र चालतात आणि गुणगुण जाते. एक, तीन, पाचवर ती परत येते. गिटार हवाली करताना पाचही जागा गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो की वायरिंग बिघडलंय.