कंबर वाकताना दुखते की मागे झुकताना?

आमच्या दादरच्या फिजिओथेरपी केंद्रात बहुतेक मंडळी एमआरआयचा रिपोर्ट घेऊनच येतात आणि सांगतात, "गादी सरकलीय." कधी ते खरं असतं. तरी आम्ही आधी विचारतो, वाकताना जास्त दुखतं की मागे झुकताना? हे का विचारतो, ते कळावं म्हणून हे पत्रक.

कमरेत पाच मणके. शेजारचे दोन मणके तीन ठिकाणी जोडलेले असतात: पुढे गादी आणि मागे डाव्या-उजव्या बाजूला एकेक छोटा सांधा. गादी सगळ्यांना माहीत असते, पण मागच्या या फॅसेट सांध्यांचं नावही फारसं कोणी ऐकलेलं नसतं. गुडघ्यात असते तशी कूर्चा आणि वंगण त्यांच्यातही असतं, त्यामुळे तेही गुडघ्यासारखेच झिजतात. त्यांची ठेवण अशी की कंबर पुढे-मागे छान वाकते, पण पीळ फारच थोडा घेते. म्हणून भरलेली बादली उचलून कमरेतून वळू नका, पावलं फिरवा.

वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, उंची घटते आणि मागच्या सांध्यांवर जास्त भार येतो. मग कूर्चा झिजते, हाडाच्या कडा वाढतात, आतला अस्थिबंध जाड होतो आणि नसांची वाट अरुंद होते. हाच कॅनाल स्टेनोसिस. अशी व्यक्ती स्टेशनवरून रानडे रोडला निघाली की मध्येच पोटऱ्या भरून येतात. दुकानाच्या पायरीवर टेकलं किंवा कठड्यावर हात ठेवून पुढे वाकलं की थोड्या वेळात बरं वाटतं, कारण वाकल्यावर ती वाट जराशी मोकळी होते. नुसतं उभं राहूनच आराम पडत असेल, तर पायांच्या रक्तवाहिन्याही तपासून घ्यायला हव्यात.

सांधे झिजल्यावर मणका पुढेही सरकतो. बहुतेकदा तो चौथा मणका असतो, आणि पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे जास्त दिसतं.

गादीचं दुखणं बहुधा याच्या उलट. बसून, वाकून, शिंक आली की वाढतं, आणि नस दबली तर कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरते. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतार पडतो. मात्र दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहू नका, त्याने कंबर आणखी आखडते.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर आलेला व्यायाम कृपया परस्पर सुरू करू नका. भुजंगासनाने गादीच्या काही रुग्णांना आराम पडतो, पण स्टेनोसिस असलेल्याच्या पायात त्यानेच मुंग्या वाढू शकतात. आणि रिपोर्टात 'बल्ज', म्हणजे गादी थोडी फुगून बाहेर आलेली, दिसला म्हणून धास्तावू नका. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही तो सर्रास दिसतो. दुखणं आणि रिपोर्ट जुळतात का, ते तपासल्यावरच कळतं. येताना जुने एक्स-रेही आणा.

एका बाबतीत मात्र आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथे इमर्जन्सीत त्याच वेळी जा, रात्र असली तरी.