सोनची सवलत आणि सांगमूचा गणवेश

दक्षिण कोरियात तरुण पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे, फुटबॉलपटूंनाही. त्यावरून दर आशिया चषकाला आणि दर वर्ल्ड कपला तीच दोन वाक्यं ऐकून कान किटले आहेत. पहिलं, "कोरिया जिंकला की सगळ्या पोरांची लष्करातून सुटका." दुसरं, "अमुक स्ट्रायकर सांगमूकडून खेळला, म्हणजे त्यालाही सोनसारखी सवलत मिळाली." (सांगमू म्हणजे लष्कराचा संघ, सोन म्हणजे कोरियाचा सर्वांत गाजलेला फॉरवर्ड.) दोन्ही साफ चूक. पहिलं एका दमात मिटवता येतं. दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो, कारण कोरियन स्ट्रायकरच्या कारकिर्दीचं गणित त्यातच अडकलेलं असतं.

सोन ह्युंग-मिनची गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भरभर. २०१८ ची आशियाई क्रीडा स्पर्धा, इंडोनेशियात बोगोरमधली फायनल, जपानवर जादा वेळेत २-१, सुवर्ण, आणि त्यावर सक्तीच्या सेवेतून सवलत. या वाटेने जायला फुटबॉलपटूला दोनच गोष्टी चालतात: ऑलिम्पिकचं कुठलंही पदक, नाहीतर आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण. तिथलं रौप्य चालत नाही. आशिया चषक यादीतच नाही. वर्ल्ड कपसाठी २००२ च्या संघाला सूट दिली होती खरी, पण ती तरतूद २००७ मध्ये काढून टाकली. म्हणून २०१० आणि २०२२ मध्ये बाद फेरी गाठूनही कुणाच्या हाती काही लागलं नाही.

पदक गळ्यात पडलं की सगळं माफ, असंही नाही. सोनने २०२० मध्ये जेजू बेटावर मरीन दलाकडे तीन आठवडे प्रशिक्षण घेतलं. त्याखेरीज या वाटेने जाणाऱ्याला ३४ महिने आपल्या खेळातच राहावं लागतं आणि ५४४ तास समाजसेवा करावी लागते. हे तास कागदोपत्री फुगवल्याबद्दल बचावपटू जांग ह्युन-सूला २०१८ मध्ये राष्ट्रीय संघाचं दार कायमचं बंद झालं.

आता सांगमू. इथे सवलत नावाचा प्रकारच नाही. सांगमू हे कोरियन लष्कराचं क्रीडा पथक. त्याचा फुटबॉल संघ आधी ग्वांगजूत, मग सांगजूत आणि २०२१ पासून गिमचॉनमध्ये. त्यात खेळणारा माणूस रीतसर सैनिक असतो. थलसेनेतल्या इतरांइतकीच, म्हणजे सध्या १८ महिन्यांची सेवा, अंगावर हुद्दा, हातात क्लबचा नव्हे तर सैनिकाचा पगार. आपल्याकडच्या संतोष करंडकातल्या सेनादलाशी याची तुलना करतात तीही फसवी. आपला सेनादलाचा खेळाडू लष्करात नोकरी करतो. सांगमूतला माणूस क्लबचा करार बाजूला ठेवून सक्तीची सेवा उरकत असतो आणि ती संपली की क्लबकडे परततो.

मूळ क्लबला या काळात छदाम मिळत नाही. सांगमूत परदेशी खेळाडू नसतात, आणि एकत्र भरती झालेले एकत्रच सुटतात, त्यामुळे ऐन हंगामात संघाचा मोठा हिस्सा निघून जातो. गिमचॉनचा आलेख बघा: २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पहिले, २०२२ मध्ये वरून खाली, २०२३ मध्ये पुन्हा पहिले, २०२४ मध्ये थेट सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे के लीग १ मध्ये तिसरे. तिसरे येऊनही आशियाई क्लब स्पर्धेत जागा नाही, कारण लष्कराचा संघ क्लब परवान्याच्या अटींत बसत नाही.

परदेशी खेळाडू नाहीत, ही गोष्ट स्ट्रायकरसाठी सोन्यासारखी आहे. के लीगमधले क्लब नंबर ९ ची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची जागा बऱ्याचदा ब्राझिलियन किंवा युरोपियन खेळाडूला देतात. कोरियन पोरगा शेवटच्या वीस मिनिटांपुरता. सांगमूत ती जागा कोरियन माणसालाच मिळते. २०१५ च्या आशिया चषकात सलाम ठोकत गोल साजरा करणारा ली जुंग-ह्योप सांगजू सांगमूतूनच राष्ट्रीय संघात आला होता. स्ट्रायकर चो ग्यू-सुंग मार्च २०२१ मध्ये आपला क्लब जॉनबुक सोडून गिमचॉनमध्ये दाखल झाला, सप्टेंबर २०२२ मध्ये सुटला. २०२२ च्या त्या हंगामात त्याचे के लीग १ मध्ये १७ गोल झाले, बरेचसे गणवेशातले, उरलेले जॉनबुकसाठी. दुसरा स्ट्रायकर जू मिन-ग्यूचेही १७ होते, पण चोचे सामने कमी म्हणून सर्वाधिक गोलांचा मान त्याला. दोनच महिन्यांनी कतारच्या वर्ल्ड कपमध्ये घानाविरुद्ध दोन हेडर, पुढच्या उन्हाळ्यात डेन्मार्कचा मिड्यूलांड क्लब. या माणसाला "सोनसारखी सवलत" मिळाली म्हणणं म्हणजे त्याने पूर्ण भरलेलं बिल त्याला माफ झालं असं सांगणं.

मग प्रत्येक जण सांगमूतच का जात नाही? कारण तिथे अर्ज करावा लागतो, जागा मोजक्या, वयाची मर्यादा २७, आणि अर्ज करताना कोरियातल्या क्लबकडून खेळत असावं लागतं. युरोपातल्या स्ट्रायकरची कोंडी इथेच होते. पंचविशी-सव्विशीत, भाव चढलेला असताना, सामान बांधून घरी यायचं. पदकाची वाट मात्र त्याला युरोपातच राहू देते. म्हणून आशियाई क्रीडा स्पर्धेच्या संघनिवडीवर कोरियात एवढं रण माजतं: संघ २३ वर्षांखालचा, त्याहून मोठे फक्त तीन. २०१८ मध्ये सोन त्या तिघांतला एक होता, वय २६. २०१४ मध्ये त्याच्या तेव्हाच्या जर्मन क्लबने, लेव्हरकुसेनने, त्याला सोडलं नव्हतं आणि कोरियाने नेमकं तेव्हाही सुवर्ण जिंकलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत होंडुरासकडून हरला. तिसरी संधीही हुकली असती तर इंग्लंड सोडून परतण्याचा प्रश्न पुढ्यात उभा होता.

स्ट्रायकर ली डोंग-गुकचं उलटं झालं. २००२ च्या वर्ल्ड कप संघात त्याला घेतलं नाही, आणि त्याच वर्षी बुसानच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कोरिया उपांत्य फेरीत इराणकडून पेनल्टींवर हरला. एका वर्षात दोन्ही दारं बंद. २००३ मध्ये तो ग्वांगजू सांगमूत गेला. पुढे के लीगमध्ये त्याने एकूण २२८ गोल केले ते वेगळं.

माझं ठाम मत: पदकाची वाट बघत बसण्यापेक्षा लवकर जाऊन यावं. स्ट्रायकर ओ ह्योन-ग्यू विशीच्या आतच सांगमूत गेला, २०२१ मध्ये मोकळा झाला. जानेवारी २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकने त्याला घेतलं तेव्हा वय २१ आणि लष्कराचा प्रश्न कायमचा निकालात. उलट टोकाला स्ट्रायकर सोक ह्युन-जून. युरोपात खेळत राहिला, ठरल्या वेळी परतला नाही, आणि २०२३ मध्ये कोरियन न्यायालयाने त्याला आठ महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावली. क्लब सोडत नाही, करार बाकी आहे, असली कारणं लष्करी कार्यालयापुढे चालत नाहीत.

दोन्ही वाटा एकाच माणसात बघायच्या तर चो यंग-वूक. जानेवारी २०२३ मध्ये गिमचॉन सांगमूत दाखल. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या फायनलला जपानविरुद्ध विजयी गोल त्याचाच, २-१. सुवर्ण मिळाल्यामुळे उरलेली सेवा न करता तो मुदतीआधी सुटला आणि एफसी सोलला परतला. लक्षात घ्या, त्याला सोडवलं पदकाने. सांगमूतल्या ज्या सोबत्यांना पदक नव्हतं, ते आपले दिवस मोजत गिमचॉनमध्येच राहिले.

बाकी फरक किरकोळ. केस कापावे लागतात दोन्हीकडे. आणि के४ लीगमध्ये, म्हणजे चौथ्या श्रेणीत, दिवसा सरकारी कार्यालयात काम करून संध्याकाळी सराव करणारे जे खेळाडू दिसतात, ते वैद्यकीय तपासणीत सक्रिय सेवेच्या श्रेणीत न बसलेले. ती तिसरीच भानगड. त्यांनाही सांगमूवाले म्हणू नका.