टॅबिथा मॉफॅट ब्राउन आणि ब्राउन-प्रिंगल घराणे

टॅबिथा मॉफॅट ब्राउन (१ मे १७८०–४ मे १८५८) : अमेरिकेच्या वायव्येकडील ऑरेगन प्रदेशात वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, १८४६ साली येऊन पोचलेल्या विधवा वसाहतकार. फॉरेस्ट ग्रोव्ह येथे त्यांनी अनाथ मुलांसाठी चालवलेल्या वसतिशाळेतून टुआलटिन अकॅडमी आणि पुढे पॅसिफिक विद्यापीठ उभे राहिले. ऑरेगनच्या विधिमंडळाने १९८७ मध्ये त्यांना ‘ऑरेगनची माता’ हा किताब दिला. त्यांची प्रवासातील व संसारातील बहुतेक माहिती त्यांनी ऑगस्ट १८५४ मध्ये आपल्या भाऊ-बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रातून मिळते. पत्र आठ वर्षांनंतरच्या आठवणींचे आहे, त्यामुळे त्यातील रकमा जितक्या नेमक्या वाटतात तितक्या तारखा वाटत नाहीत. तारखांसाठी जावई व्हर्जिल प्रिंगल यांनी वाटेत लिहिलेली दैनंदिनी अधिक उपयोगी पडते.

जन्म मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्डचा, वडील डॉक्टर. १७९९ मध्ये धर्मोपदेशक क्लार्क ब्राउन यांच्याशी विवाह झाला. पती १८१७ मध्ये मेरीलँड येथे वारले. सदतीस वर्षांच्या टॅबिथांनी मेरीलँड व व्हर्जिनियात शाळा चालवून मुले वाढवली आणि नंतर कुटुंब मिसूरीतील सेंट चार्ल्स भागात नेले. म्हणजे ऑरेगनला निघाल्या तेव्हा त्यांच्या वैधव्याला एकोणतीस वर्षे झाली होती. वाटेत विधवा झालेल्या आणि पोरेबाळे घेऊन तशाच पुढे गेलेल्या स्त्रियांच्या हकिकती या काळात पुष्कळ आहेत. टॅबिथांची गोष्ट तशी नाही. स्वतःच्या हिमतीवर पैसा उभा करायची सवय त्यांना आधीपासून होती, आणि ऑरेगनमधील पुढचा सगळा हिशेब त्या सवयीतून आला.

१८४६ चा प्रवास

थोरला मुलगा ओरस १८४३ च्या मोठ्या तांड्याबरोबर ऑरेगनला जाऊन आला होता. त्याच्या आग्रहावरून ओरसचे कुटुंब, मुलगी फर्न व जावई व्हर्जिल प्रिंगल यांचे कुटुंब, सत्त्याहत्तर वर्षांचे दीर कॅप्टन जॉन ब्राउन आणि टॅबिथा असे सगळे १८४६ च्या वसंतात निघाले. दुसरा मुलगा मॅन्थानो मिसूरीतच राहिला. टॅबिथांनी मुलीच्या गाडीत जागा मागितली नाही. स्वतःची बैलगाडी, स्वतःचा गाडीवान, स्वतःची व दिरांची शिधासामग्री त्यांनी आपल्या खर्चाने घेतली.

ओरस दुसऱ्या तांड्याचा वाटाड्या म्हणून पुढे गेला आणि जुन्या वाटेने सप्टेंबरात पोचला. प्रिंगल व टॅबिथा ज्या तांड्यात होते, त्याला फोर्ट हॉल या वाटेवरील व्यापारी ठाण्याजवळ नव्या दक्षिण वाटेचा मोह पडला. ही पुढे अ‍ॅपलगेट वाट म्हणून ओळखली गेली. जेसी आणि लिंडसे अ‍ॅपलगेट, लेव्ही स्कॉट व त्यांचे सोबती यांनी ती त्याच उन्हाळ्यात शोधली होती. कोलंबिया नदीवरचा धोकादायक टप्पा टळावा, हा उद्देश चांगला होता. वाट मात्र घोड्यावरून पाहिलेली होती, गाड्यांसाठी फोडलेली नव्हती. हम्बोल्ट नदी सोडून ब्लॅक रॉक वाळवंट, मग क्लॅमथचा पाणथळ भाग, मग रोग नदीचे खोरे, आणि शेवटी अम्पक्वाच्या डोंगरातील अरुंद घळ असा तो मार्ग होता. वाळवंटात साठ मैल (सुमारे ९६ किमी) गवत-पाणी नव्हते, असे टॅबिथा लिहितात.

खरी नासाडी घळीत झाली. घळ बारा मैल लांब, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर. वाट ओढ्याच्या पात्रातूनच जात होती. वाळवंटात खंगलेले बैल तेथे पोचले तेव्हा हिवाळी पाऊस सुरू झालेला होता. पात्रातील धोंडे पाण्याखाली गेले, चाके अडकली, धाव आणि आरे मोडले, आणि एक गाडी अडली की मागच्या सगळ्या थांबल्या. थांबलेल्या तांड्याला चारा नाही, म्हणून बैल मरत गेले. बैल मेले म्हणून धड गाड्याही सोडून द्याव्या लागल्या. शेकडो गाड्यांपैकी एकच न मोडता बाहेर पडली, असे पत्रात आहे. ‘शेकडो’ हा आकडा सैल धरावा, कारण त्या वर्षी या वाटेने गेलेल्या गाड्या साधारण शंभराच्या आसपास होत्या. टॅबिथांचे कुटुंब आघाडीला होते म्हणून तुलनेने लवकर सुटले, तरी त्यांची गाडी आणि सगळे सामान गेले. तीन दिवसांत त्या घोड्यावरून पार झाल्या. मागून आलेल्या काहींना दोन-तीन आठवडे लागले.

घळीपलीकडे धान्य संपले. प्रिंगलांनी टॅबिथा व कॅप्टन ब्राउन यांना घोड्यांवरून पुढच्या गाड्या गाठायला धाडले. शिदोरी म्हणून खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तीन काप आणि थोडा चहा होता. वाटेत म्हातारे दीर भ्रमिष्टासारखे होऊन घोड्यावरून उतरले. टॅबिथांनी खोगिरे उतरवली, गाडीचे कापड फांदीवर टाकून आडोसा केला आणि विस्तवाशिवाय रात्र काढली. पुढच्या गाड्या तेथून अर्ध्या मैलावरच होत्या, हे सकाळी कळले. पुढे ओरस चार घोड्यांवर धान्य लादून समोरून आला आणि मंडळी वाचली. नाताळच्या दिवशी दुपारी टॅबिथा सेलम येथे एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरात शिरल्या. नऊ महिन्यांत पाय ठेवलेले ते पहिले घर.

सव्वासहा सेंट

हातमोज्याच्या बोटात काहीतरी टोचत होते. बटण असेल असे त्यांना वाटले होते, निघाले पिकयून नावाचे नाणे. स्पॅनिश अर्धा रियाल म्हणजेच पिकयून, किंमत सव्वासहा सेंट. त्यातून तीन सुया घेतल्या. उरलेले जुने कपडे स्थानिक आदिवासी बायकांना देऊन बदल्यात हरणाची कमावलेली कातडी घेतली आणि हातमोजे शिवायला बसल्या. यातून त्यांना तीस डॉलरहून अधिक निव्वळ नफा झाला, म्हणजे मूळ भांडवलाच्या ४८० पट.

ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. खरे पाहता तिच्या मागे बाजाराची साधी कारणे आहेत. तयार कपडा व शिवणसाहित्य जहाजानेच येई, म्हणून सुई दुर्मीळ होती आणि फाटका झगाही वस्तुविनिमयात चालत होता. कातडी मात्र जवळच मिळत होती. प्राण्याचा मेंदू चोळून मऊ केलेली आणि धुरी दिलेली हरणाची कातडी भिजून वाळली तरी पुन्हा मऊ करता येते, धुरी नसलेली कडक होते. सेलमच्या भोवतालच्या विलामेट नदीच्या खोऱ्यातील पावसात लगाम आणि कुऱ्हाड धरणाऱ्यांना असाच हातमोजा हवा असे. शिवणही सोपी नसते. तळहात-पाठीचा तुकडा, अंगठा आणि बोटांमधल्या अरुंद पट्ट्या वेगळ्या कापाव्या लागतात, आणि कातडी ज्या दिशेने ताणते ती दिशा चुकली तर हातमोजा आठवड्यात ढिला पडतो. भांडवल सव्वासहा सेंटांचे असले तरी कसब साठ वर्षांचे होते, आणि कातडे कमावण्याचे अर्धे श्रम ज्या बायकांचे, त्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत.

वसतिशाळा

१८४७ च्या शरद ऋतूत टॅबिथा टुआलटिन मैदानात (आजचा फॉरेस्ट ग्रोव्ह परिसर) धर्मोपदेशक हार्वी क्लार्क व त्यांच्या पत्नी एमेलीन यांच्याकडे हिवाळा काढायला गेल्या. वाटेत आई-बाप गमावलेली मुले खोऱ्यात बरीच होती. क्लार्क जागा व इमारत पाहतील, टॅबिथा वर्षभर बिनपगारी राबतील, असा करार झाला. मार्च १८४८ मध्ये लाकडी ओंडक्यांच्या प्रार्थनागृहात शाळा सुरू झाली. शेजाऱ्यांनी जुनी भांडी, ताटल्या, अंथरुणे दिली. ज्यांना परवडत असे त्यांच्याकडून राहणे, जेवण, धुणे व शिकवणी मिळून आठवड्याला एक डॉलर घेतला जाई. बाकीची मुले फुकट राहत.

सुरुवात दोन बाजूंनी अडचणीत होती. त्याच काळात कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि बाप-भाऊ तिकडे धावले. घरी एकटी राहिलेली मुले शाळेत आली, त्यामुळे शाळेला गिऱ्हाईक मिळाले, पण मजूर मिळेनासे झाले आणि धान्य महागले. १८५१ पर्यंत दर आठवड्याला अडीच डॉलर झाला होता आणि पंगतीला चाळीस माणसे होती. त्या वर्षी पाच महिन्यांच्या आत ३,४२३ पौंड पीठ आपल्या हातांनी मळल्याचे टॅबिथा लिहितात. हे सुमारे १,५५० किलो होते. दिवसाला दहा किलोहून थोडे अधिक, माणशी सुमारे २६० ग्रॅम. खानावळ चालवलेल्या कोणालाही हा आकडा पटेल. वाढत्या वयाच्या मुलांना एवढी पाव-भाकरी लागतेच, आणि पत्रात पौंड नेमके दिले आहेत यावरून पिठाचा हिशेब लिहून ठेवला जात होता हे दिसते. आठवड्याची जमा चाळीस जणांची धरली तर शंभर डॉलर होते. वर्ष भरल्यावर त्यांनी बिनपगारी काम सोडून वसतिगृहाचा खर्च व नफा आपल्याकडे घेतला होता.

१८४८ मध्ये आलेले धर्मोपदेशक जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांना शाळेचे महाविद्यालय करायचे होते. २६ सप्टेंबर १८४९ रोजी टुआलटिन अकॅडमीला प्रादेशिक सनद मिळाली. क्लार्क यांनी दोनशे एकर जमीन दिली. १८५० मध्ये बांधलेली लाकडी इमारत अजून उभी आहे. १८५४ च्या सनदेत विद्यापीठाचे नाव आले. ‘टॅबिथा ब्राउन यांनी विद्यापीठ स्थापले’ हे वाक्य म्हणून अर्धेच खरे आहे. सनद अ‍ॅटकिन्सन व क्लार्क यांची, पण ज्या घरात मुले राहिली, जेवली आणि टिकली ते घर टॅबिथांचे होते.

ही जमीन कलापुया समाजाच्या अटफलाटी गटाची. १८३० च्या दशकातील हिवतापाच्या साथींनी तो समाज आधीच विरळ झाला होता. १८५५ च्या तहाने जमीन काढून घेतली गेली आणि उरलेल्यांना ग्रँड रोंड राखीव क्षेत्रात नेण्यात आले. १८८० मध्ये याच विद्यापीठाच्या आश्रयाने आदिवासी मुलांना घरापासून तोडून शिकवणारी सरकारी निवासी शाळा फॉरेस्ट ग्रोव्हला निघाली. ती पुढे सेलमजवळ चेमावा येथे गेली. गौरवग्रंथांत हा परिच्छेद सहसा नसतो.

जमीन आणि मिळकत

२७ सप्टेंबर १८५० च्या देणगी-जमीन कायद्याने गोऱ्या वसाहतकारांना मोफत जमीन दिली. अविवाहित पुरुषाला ३२० एकर, विवाहिताला ६४०, आणि त्यातील निम्मी थेट पत्नीच्या नावे. १ डिसेंबर १८५१ च्या आत लग्न करणाऱ्यालाही दुप्पट जमीन मिळत असल्याने त्या वर्षात कोवळ्या मुलींची लग्ने भराभर झाली. दावेदार मेला तर त्याच्या विधवेला वाटा होता, परंतु दशकांपूर्वी विधवा होऊन स्वतंत्रपणे आलेली स्त्री या चौकटीत बसत नव्हती. मुलगा आणि जावई शेकडो एकरांचे हक्कदार असताना टॅबिथांनी मिळकत विकत घेऊन जमवली. १८५४ च्या पत्रातील यादी अशी : गावातील रंगवलेले पांढरे घर, वर्षाला शंभर डॉलर भाड्याने दिलेले, प्रत्येकी दीडशे डॉलर किमतीचे आठ मोकळे भूखंड, आठ गाई व काही वासरे, येणे असलेली अकराशे डॉलरहून अधिक रोकड. या रोकडीतून चारशे डॉलर विद्यापीठाला दिले, त्याआधी शंभर अकॅडमीला. गाई त्या अर्धेलीने देत : दूध सांभाळणाऱ्याचे, पैदास निम्मी-निम्मी. हे सगळे ‘मुलांवर अवलंबून न राहता’ मिळवले, असे त्या बजावून लिहितात. वाक्यात थोडा ताठा आहे, आणि तो शोभतो.

वंशज

फर्न व व्हर्जिल प्रिंगल सेलमला स्थायिक झाले. तेथील प्रिंगल क्रीक हा ओढा त्यांच्या नावाचा. त्यांची मुलगी वर्जिलिया हिचा विवाह सेलमचे फॅब्रिटस स्मिथ यांच्याशी झाला. मुलगा ऑक्टेव्हियस याने चौदाव्या वर्षी पाहिलेला तो प्रवास म्हातारपणी लिहून काढला. आजीचे पत्र, बापाची दैनंदिनी आणि नातवाची आठवण अशा तीन पिढ्यांच्या तीन नोंदी एकाच तांड्याविषयी असणे फार दुर्मीळ आहे.

प्रिंगलांचा आणखी एक मुलगा क्लार्क याने १८५१ मध्ये कॅथरीन सेगर हिच्याशी लग्न केले. सेगर भावंडांचे आई-वडील १८४४ च्या वाटेवर वारले. सातही मुले वायलाट्पू येथील मिशन चालवणाऱ्या व्हिटमन दांपत्याने सांभाळली. गोवराच्या साथीत तेथील आदिवासी कायूस लोकांची मुले मोठ्या संख्येने मेली आणि त्या संतापातून २९ नोव्हेंबर १८४७ रोजी मिशनवर हल्ला झाला. त्यात व्हिटमन पतिपत्नी व सेगर मुलींचे दोन्ही भाऊ मारले गेले. कॅथरीन वाचली. अनाथांच्या आजीच्या घरात अशी एक अनाथ मुलगी नातसून म्हणून आली. तिने लिहिलेली हकिकत आज ऑरेगन वाटेच्या अभ्यासात आजेसासूच्या पत्राइतकीच वापरली जाते. तिला आठ मुले झाली. १९१० मध्ये ती स्पोकेन येथे वारली.

वंशावळ जुळवताना

सर्वांत जास्त घोटाळा ‘क्लार्क’ या शब्दाने होतो. पती क्लार्क ब्राउन आणि नातू क्लार्क प्रिंगल यांचे ते पहिले नाव आहे, नातवाला ते आजोबांवरून मिळाले. हार्वी क्लार्क यांचे ते आडनाव असून त्यांचे या घराशी रक्ताचे नाते नाही. कॅप्टन जॉन ब्राउन हे दीर, पती नव्हेत. काही याद्यांत दोघांना एका गाडीत पाहून जोडपे ठरवले आहे.

जनगणनेत घरातील प्रत्येकाचे नाव १८५० पासूनच मिळते. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुख नावाने असतो, बाकीचे वयोगटाच्या रकान्यातील आकडे. देणगी-जमिनीच्या दाव्यांत दावेदाराचे जन्मस्थळ, जन्मवर्ष, लग्नाची तारीख व वसाहतीचा दिवस असतो, म्हणून ओरस व प्रिंगल शाखांसाठी शोध तेथून सुरू करावा. टॅबिथांसाठी त्याच कागदांत शोधत बसल्यास हाती काही लागत नाही. त्यांच्यासाठी गावठाणातील भूखंडांचे खरेदी-विक्री दस्त आणि अकॅडमीच्या विश्वस्तांची कागदपत्रे पाहावी लागतात. त्यांची समाधी फॉरेस्ट ग्रोव्हला नाही. अखेरच्या काळात त्या सेलमला होत्या आणि तेथील पायोनियर स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.